लुटुपुटीच्या लढाईमागचे रसायन

कुत्र्याची दोन पिल्ले एकमेकांच्या अंगावर झेपावतात, मानेला तोंड लावतात, लोळण घेतात आणि क्षणात जागा बदलतात. खाली असलेले वर येते, वर असलेले आपणहून उताणे पडते. चावा घेतला जातो, पण दात रुतत नाहीत. मराठीत या प्रकाराला ‘लुटुपुटीची लढाई’ असा नेमका शब्द आहे. मांजरांची व माकडांची पिल्ले, उंदरांची पोरे आणि माणसाची मुले या सर्वांत आढळणारे हे वर्तन प्राणिवर्तनशास्त्रात ‘सामाजिक खेळ’ या नावाने ओळखले जाते.

या खेळातून अन्न मिळत नाही, शत्रूपासून बचाव होत नाही, प्रजननही साधत नाही. उलट शक्ती खर्च होते आणि दुखापतीचा धोका असतो. तरीही पिल्लांना त्याची भुकेसारखी ओढ असते. ही ओढ मेंदूत कशी निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी गेल्या चार दशकांहून अधिक काळ एक मार्ग चोखाळला आहे. पिल्लांना निरनिराळी औषधे अल्प प्रमाणात द्यायची आणि खेळ वाढतो की घटतो, हे पाहायचे.

या प्रयोगांचे निष्कर्ष सहज सुचणाऱ्या तर्काच्या उलट आहेत. तरतरी आणणारी आणि हालचाल वाढवणारी द्रव्ये पिल्लांचा खेळ थांबवतात. गुंगी आणणारे मॉर्फिन मात्र अल्प मात्रेत तो वाढवते. खेळ थांबवणाऱ्या द्रव्यांमध्ये अतिचंचल मुलांना जगभर दिल्या जाणाऱ्या औषधांचाही समावेश आहे. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिलेला नाही.

खेळ मोजण्याची रीत

या संशोधनाचा मुख्य प्राणी म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला मोठ्या जातीचा उंदीर. घरात आढळणाऱ्या लहान जातीच्या उंदरांत अशी झटापट फारच कमी दिसते. मोठ्या जातीच्या पिल्लांत ती जन्मानंतर अडीच-तीन आठवड्यांनी सुरू होते, चौथ्या-पाचव्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि वयात येताना ओसरू लागते.

उंदरांच्या खेळाला कुस्तीसारखे नियम आहेत. एक पिल्लू दुसऱ्याच्या मानेच्या मागच्या भागावर झेप घेते आणि तेथे नाक घुसळण्याचा प्रयत्न करते. दुसरे पिल्लू गिरकी घेऊन पाठीवर पडते आणि पहिले त्याच्यावर उभे राहते. मानेवर घेतलेल्या झेपा आणि ‘चीतपट’ होण्याचे प्रसंग मोजले की खेळाची तीव्रता आकड्यांत मांडता येते. प्रौढ उंदरांच्या खऱ्या मारामारीत हल्ल्याचे लक्ष्य मान नसते. तेथे चावे कंबरेवर व कुशीवर घेतले जातात. खेळ आणि भांडण या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा हा ठोस पुरावा मानला जातो. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे सर्जिओ पेलिस आणि व्हिव्हियन पेलिस या दाम्पत्याने खेळातील या हालचालींचा अत्यंत बारकाईने अभ्यास केला आहे.

पिल्लाला काही तास एकटे ठेवले की नंतर ते अधिक जोमाने खेळते, जसा उपाशी प्राणी अधिक खातो. खेळगडी मिळणार असेल तर ते चक्रव्यूहातील वाट शिकते आणि कळ दाबायलाही तयार होते. ज्या जागी खेळ झाला, ती जागा त्याला पुढे आवडू लागते. खेळ हे पिल्लाच्या दृष्टीने स्वतंत्र बक्षीस आहे, असा या निरीक्षणांचा अर्थ.

या क्षेत्रातील अग्रणी नाव याक पांकसेप यांचे आहे. एस्टोनियात १९४३ मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत कारकीर्द घडवलेल्या या शास्त्रज्ञाने ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन विद्यापीठात उंदरांच्या खेळावरील प्रयोगांचा पाया घातला. प्राण्यांच्या भावनांविषयी बोलणे ज्या काळी अशास्त्रीय मानले जाई, त्या काळी त्यांनी खेळाची आनंदभावना हा अभ्यासाचा विषय केला. खेळताना उंदीर सुमारे ५० हजार हर्ट्झ कंप्रतेचा चिवचिवाट करतात. माणसाचा कान सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू शकत असल्याने हा आवाज विशेष यंत्राविना कळत नाही. पिल्लांना हाताने गुदगुल्या केल्या तरी ती असाच आवाज काढतात आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे धावतात, हे पांकसेप आणि त्यांचे सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. पांकसेप यांचे २०१७ मध्ये निधन झाले.

मेंदूच्या खोलातील ओढ

खेळ ही बुद्धीची करामत असावी, असा समज स्वाभाविक आहे. विचार, नियोजन आणि भाषा यांच्याशी निगडित असलेले मेंदूचे बाह्य आवरण नवजात उंदरांमध्ये काढून टाकले तर खेळ संपावा, अशी अपेक्षा असेल. पांकसेप आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तसे घडले नाही. अशी पिल्लेही खेळत राहिली. चीतपट होण्याचे प्रमाण काहीसे घटले, पण खेळण्याची ओढ कायम होती. याचा अर्थ या ओढीचे मूळ मेंदूच्या खोल आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने प्राचीन भागात आहे.

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील मिखाएल ब्रेख्त यांच्या गटाने २०२३ मध्ये या दिशेने आणखी एक पाऊल टाकले. मध्यमेंदूतील नलिकेभोवती असलेल्या करड्या भागातील काही चेतापेशी गुदगुल्यांच्या वेळी आणि खेळाच्या वेळी उद्दीपित होतात, तसेच या भागाचे कार्य रोखले की खेळकरपणा घटतो, असे त्यांना आढळले.

मेंदूच्या वरच्या थरांचे काम वेगळे आहे. कोणाशी किती जोर लावायचा, समोरचा खेळाडू बिचकला तर कधी थांबायचे, आपली पाळी संपल्यावर दुसऱ्याला वाव कधी द्यायचा, याची जाण कपाळामागील भाग पुरवतो. ओढ खालून येते आणि तिला शिस्त वरून लागते. या दोन्ही स्तरांवर निरोपांची ने-आण करणारी रसायने म्हणजेच औषधांचे लक्ष्य होय.

अफूची पेटी मेंदूतच

मॉर्फिन हे अफूतील प्रमुख वेदनाशामक द्रव्य. ते मेंदूत जेथे चिकटते, त्या ग्राही रेणूंचा शोध १९७३ मध्ये लागला. कुलपात किल्ली बसावी तसे हे द्रव्य त्या ग्राहींत बसते. परंतु खसखशीच्या बोंडातील चिकासाठी प्राण्यांच्या मेंदूत कुलूप का असावे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मिळाले. मेंदू स्वतःच अफूसदृश रेणू तयार करतो.

हे रेणू वेदना कमी करतात. त्याखेरीज ते सहवासाच्या समाधानाशीही जोडलेले असावेत, अशी कल्पना पांकसेप यांनी मांडली आणि ती खेळाच्या प्रयोगांत तपासली. मॉर्फिनची अल्प मात्रा दिलेली पिल्ले अधिक खेळली. मॉर्फिनचे ग्राही अडवणारे नॅलोक्सोन हे औषध दिले की खेळ कमी झाला. जोडीतील एकाला मॉर्फिन आणि दुसऱ्याला नॅलोक्सोन दिले तर पहिल्याची कुस्तीत सरशी होऊ लागली. अशा प्रयोगांत वापरली जाणारी नेहमीची मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम असते. मात्रा बरीच वाढवली तर पिल्लू सुस्तावते आणि खेळ थांबतो.

यातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. नॅलोक्सोन स्वतः आनंद देत नाही किंवा झोपही आणत नाही. ते केवळ कुलूप अडवते. ते दिल्यावर खेळ घटतो, याचाच अर्थ एरवी खेळताना पिल्लाच्या मेंदूत स्वतःचे अफूसदृश रेणू कार्यरत असतात. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे लुक व्हॅन्डरस्कुरेन आणि त्यांच्या सहकारी व्हिव्हियाना ट्रेझा यांनी २०११ मध्ये या क्रियेचे एक स्थान निश्चित केले. मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेतील ‘न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्स’ या लहानशा भागात थेट मॉर्फिन सोडले असता खेळ वाढला. मार्मोसेट या दक्षिण अमेरिकी माकडांच्या पिल्लांतही मॉर्फिनने सामाजिक खेळ वाढतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हे केवळ उंदरांचे वैशिष्ट्य नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

‘आनंद’ नावाचा रेणू

गांजातील द्रव्ये ज्या ग्राहींवर काम करतात, त्यांच्यासाठीही मेंदूचे स्वतःचे रेणू आहेत. त्यांपैकी पहिला रेणू १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. शोधकर्त्यांनी त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. नावाचा पूर्वार्ध म्हणजे संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्दच होय.

हा रेणू आणि खेळ यांच्यातील नाते उट्रेख्तच्या गटाने २००८ पासूनच्या प्रयोगांत उलगडले. त्यांनी दोन प्रकारची द्रव्ये वापरली. पहिल्या प्रकारातील द्रव्य गांजाप्रमाणे थेट सर्व ग्राहींना चिकटते. दुसऱ्या प्रकारातील द्रव्य स्वतः कोणत्याही ग्राहीला हात लावत नाही. मेंदूने तयार केलेल्या आनंदामाइडचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते आणि त्यामुळे तो रेणू अधिक काळ टिकतो. दोन्हींचा परिणाम सारखाच व्हावा, असे वरकरणी वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या द्रव्याने खेळ घटला, तर दुसऱ्याने वाढला.

या विरोधाभासाचे स्पष्टीकरण साधे आहे. खेळत असलेल्या पिल्लाच्या मेंदूत आनंदामाइड सर्वत्र स्रवत नाही. ते ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक क्षणी स्रवते. भावनांशी निगडित असलेल्या, बदामाच्या आकाराच्या ‘अमिग्डला’ या भागात खेळानंतर त्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. विघटन रोखणारे द्रव्य या नैसर्गिक स्रावाला बळ देते. पाटाचे पाणी ज्या वाफ्यात आधीच वळवलेले आहे, तेथे ते थोडे अधिक वेळ थांबावे, तसा हा प्रकार. बाहेरून दिलेले थेट द्रव्य मात्र साऱ्या शेतात पूर आणते. खेळासाठी लागणारे लक्ष, चपळाई आणि जोडीदाराच्या इशाऱ्यांचे भान त्या पुरात वाहून जाते.

या द्रव्याने वाढलेला खेळ नॅलोक्सोनने रोखता येतो, हेही याच प्रयोगांत दिसले. आनंदामाइडची यंत्रणा आणि अफूसदृश रेणूंची यंत्रणा हातात हात घालून चालतात.

तरतरी येते, खेळ जातो

मेंदूला उत्तेजित करणाऱ्या औषधांचा मुलांवरील वापर जुना आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिन वर्गातील औषध देऊन १९३७ मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध केली. अनेक मुले शांत झाली आणि अभ्यासात रमली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआन्द्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. ‘रिटालिन’ हे त्याचे व्यापारी नाव पानिझोन यांच्या पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून पडले. ‘एडीएचडी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिचंचलता व अवधान-अभावाच्या अवस्थेत आज हे औषध भारतासह अनेक देशांत दिले जाते.

अ‍ॅम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट या दोन्हींमुळे उंदरांच्या पिल्लांचा खेळ जवळजवळ बंद होतो, हे विल्यम बीटी, पांकसेप आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो कारणाचा. पिल्लू सैरावैरा धावू लागते म्हणून त्याला खेळता येत नाही, की खेळावर औषधाचा स्वतंत्र परिणाम होतो?

व्हॅन्डरस्कुरेन यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर दिले. मेथिलफेनिडेट दिलेली पिल्ले एकमेकांना हुंगत होती, जवळ जात होती. सहवासातील त्यांचा रस कमी झाला नव्हता. फक्त झटापट थांबली होती. ती स्वतः झेप घेत नव्हती आणि दुसऱ्याने झेप घेतली तर प्रतिसादही देत नव्हती. धावपळीतील बदलाशी याचा संबंध नव्हता. औषध वारंवार दिल्यावर हा परिणाम बोथटही झाला नाही किंवा तीव्रही झाला नाही.

अशी औषधे मेंदूतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन या दोन रसायनांचे प्रमाण वाढवतात. बक्षीस मिळवण्याच्या उत्सुकतेशी डोपामिनचा, तर सावधपणा व एकाग्रतेशी नॉरअ‍ॅड्रिनलिनचा निकटचा संबंध आहे. खेळ थांबण्यामागे यांपैकी कोण, हेही याच अभ्यासात तपासले गेले. डोपामिनचे ग्राही अडवल्याने काही फरक पडला नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिनचे ‘अल्फा-२’ नावाचे ग्राही अडवले तेव्हा मात्र मेथिलफेनिडेटचा परिणाम नाहीसा झाला. केवळ नॉरअ‍ॅड्रिनलिनवर काम करणाऱ्या आणि एडीएचडीसाठीच वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅटोमॉक्सेटिननेही खेळ तसाच थांबला. हा परिणाम कपाळामागील भाग, अमिग्डला आणि आणखी काही खोल केंद्रे यांच्यामार्फत घडतो, असे याच गटाच्या २०१५ मधील अभ्यासातून पुढे आले.

लगेच पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, आलेला निष्कर्ष तर विशेष उद्बोधक आहे. या प्रयोगात पिल्लांना खेळगडी मिळवण्यासाठी कळ दाबावी लागे. मेथिलफेनिडेट किंवा कोकेन दिलेल्या पिल्लांनी नेहमीपेक्षा अधिक वेळा कळ दाबली. पण खेळगडी समोर आल्यावर ती कमी खेळली. अ‍ॅटोमॉक्सेटिनने कळ दाबणेही घटले आणि खेळही. खेळ हवासा वाटणे आणि खेळता येणे या दोन बाबी मेंदूत वेगवेगळ्या आहेत, असे यावरून दिसते. इच्छा वाढवणारे द्रव्य कृतीची घडी मोडू शकते.

मद्य, निकोटिन आणि सेरोटोनिन

उट्रेख्तच्याच प्रयोगशाळेत २००९ मध्ये निकोटिन आणि मद्यार्क यांची अल्प मात्रा पिल्लांना देऊन पाहण्यात आली. दोन्हींनी खेळ वाढला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात एलेना वार्लिन्स्काया आणि लिंडा स्पीअर यांनी वयाचा मुद्दा तपासला. मद्यार्काच्या अल्प मात्रेने किशोरवयीन उंदरांची एकमेकांशी सलगी वाढते, पण तीच मात्रा प्रौढ उंदरांत सलगी वाढवत नाही. किशोरवयीन मेंदूला मद्याची सामाजिक बाजू अधिक जाणवते आणि सुस्तीची पूर्वसूचना मात्र कमी मिळते, असे या प्रयोगांचे सार सांगितले जाते. मद्याची पहिली चव बहुधा मित्रांच्या घोळक्यातच का चाखली जाते, याचा विचार करताना हा धागा उपयोगी पडतो. मद्य निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा मात्र यातून मिळत नाही.

नैराश्यावरील अनेक औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवतात. ‘आनंदाचे रसायन’ असे त्याचे लोकप्रिय वर्णन केले जाते. परंतु फ्लुओक्सेटिन या प्रसिद्ध औषधाने, तसेच जन्मतःच सेरोटोनिनचे प्रमाण जास्त असलेल्या उंदरांत, खेळ घटल्याचे यूडित होम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदवले. एका रसायनाला एक भावना चिकटवणे किती धोक्याचे असते, हे दाखवणारे हे उदाहरण आहे.

खेळकरपणाची घडण

आतापर्यंतचे परिणाम काही तासांपुरते होते. काही रासायनिक घटना मात्र खेळकरपणाची घडणच बदलतात. अपस्मारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोइक आम्ल गाभण उंदरीणीला दिले, तर तिची पिल्ले कमी खेळतात, हे पोलंडमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. स्वमग्नतेच्या अभ्यासासाठी हा प्राणी-नमुना आज मोठ्या प्रमाणात वापरला जातो. मातेने गरोदरपणात हे औषध घेतले असल्यास मुलांतील स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळते, असे डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले. अपस्माराचे झटकेही गर्भवतीस धोकादायक असल्याने औषध परस्पर बंद न करता गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवणे हाच यावरील मार्ग मानला जातो.

नर पिल्ले माद्यांपेक्षा अधिक झटापट करतात, यामागेही रसायनांची साखळी आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात मार्गारेट मॅकार्थी यांच्या गटाने ती २०१९ मध्ये उलगडली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नर संप्रेरकांमुळे अमिग्डलात आनंदामाइडच्या कुळातील रेणू वाढतात. त्यांच्या प्रभावाखाली मेंदूतील सफाई कामगार पेशी काही नवजात पेशींना गिळून टाकतात. ही सफाई रोखली तर मोठेपणी नर पिल्ले नरांइतकी खेळत नाहीत. खेळाचे वय सुरू होण्यापूर्वीच खेळाची जमीन तयार झालेली असते.

खेळ हिरावला तर

औषधाने किंवा एकटेपणाने खेळ थांबला, तर पिल्लाचे नुकसान काय होते? पेलिस यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की खेळाचा अनुभव आणि सवंगड्यांची संख्या यांचा कपाळामागील भागातील चेतापेशींच्या फांद्यांवर परिणाम होतो. एका भागातील फांद्यांची खेळामुळे छाटणी होते, तर दुसऱ्या भागातील फांद्या अनेक सवंगड्यांच्या सहवासात पसरतात. उट्रेख्तमधील २०२२ च्या अभ्यासात, तीन ते सहा आठवड्यांच्या वयात खेळापासून वंचित ठेवलेल्या पिल्लांच्या कपाळामागील भागात चेतापेशींना लगाम घालणाऱ्या जोडण्या प्रौढपणी कमी आढळल्या. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्यांची पद्धतही वेगळी होती. ज्या भागातून खेळाला शिस्त लागते, तोच भाग खेळातून घडतो, असा याचा अर्थ लावता येतो.

माणसाच्या मुलांपर्यंत

या सर्व पार्श्वभूमीवर पांकसेप यांनी १९९८ मध्ये एका शोधनिबंधातून इशारा दिला होता. अतिचंचलतेचा शिक्का बसलेल्या काही मुलांत खेळण्याची नैसर्गिक भूकच अधिक असावी, आधुनिक समाजात त्या भुकेला वाव उरलेला नाही आणि ती शमवण्याऐवजी औषधांनी दाबली जात आहे, असा त्यांचा दावा होता. पुढे २००३ मध्ये त्यांनी उंदरांच्या कपाळामागील भागाला एका बाजूने इजा करून अतिचंचल पिल्ले तयार केली. त्यांना नियमित खेळाची जादा संधी दिली असता चंचलता कमी झाल्याचे आढळले.

हा इशारा गंभीर असला, तरी त्याच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. उंदरांची पिल्ले निरोगी होती. औषध घेणाऱ्या मुलांना निदान झालेली अडचण असते. प्राण्यांना औषध टोचण्याची पद्धत आणि मुलांना गोळीतून मिळणारी मात्रा यांतही अंतर आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांचा समावेश असलेल्या मोठ्या चाचणीत काळजीपूर्वक दिलेल्या औषधांनी १४ महिन्यांत एडीएचडीची मुख्य लक्षणे कमी झाल्याचे दिसले होते. या आजारामुळे मुले अभ्यासात मागे पडतात, मित्र गमावतात आणि अपघातांना बळी पडतात. वर्गात आणि मैदानात टिकता येऊ लागल्यामुळे एखाद्या मुलाला मित्र मिळतात, हेही औषधाच्याच खात्यावर जमा धरावे लागते. पिल्लांच्या प्रयोगांवरून पालकांनी परस्पर औषध बंद करणे, हा या संशोधनाचा चुकीचा अर्थ ठरेल.

परंतु या प्रयोगांनी एक प्रश्न ऐरणीवर आणला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. मुलावरील औषधाचा गुण जोखताना बहुतेक वेळा शिक्षकांचे आणि पालकांचे मत विचारले जाते. मूल स्वस्थ बसते का, गृहपाठ पुरा करते का, हे पाहिले जाते. संध्याकाळी ते मित्रांत मिसळते का, दंगा करते का, हसते का, याची नोंद त्या मानाने क्वचित होते. गोळीचा अंमल दिवसाच्या कोणत्या तासांत असावा, हे डॉक्टर ठरवतात. खेळाचे तास त्या हिशेबात धरले जावेत, असे विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

मैदानांवर इमारती उभ्या राहिलेल्या, शाळेची मधली सुट्टी आखूड झालेल्या आणि शिकवणीच्या वेळापत्रकात अडकलेल्या शहरी बालपणात तर या प्रश्नाला अधिकच धार आहे. पिल्लाला एकटे ठेवले की खेळाची भूक वाढते, हे प्रयोगशाळेत दिवसागणिक दिसते. घरात व वर्गात दिवसभर बसवून ठेवलेल्या मुलाची संध्याकाळची दांडगाई ही पुष्कळदा हीच भूक असू शकते.

मॉर्फिन, आनंदामाइड, नॉरअ‍ॅड्रिनलिन या सर्वांच्या कथेतून एकच सूत्र हाती येते. खेळ एखाद्या रसायनाच्या भरतीने निर्माण होत नाही. योग्य जागी, योग्य क्षणी आणि योग्य प्रमाणात स्रवणाऱ्या अनेक रसायनांच्या मेळातून तो उमलतो. खेळ वाढवणारे निर्धोक औषध आजवर कोणी तयार केलेले नाही. पिल्लांवरील प्रयोगांत खेळ हमखास वाढवणाऱ्या गोष्टी आजही तीनच आहेत : निर्भय जागा, मोकळा वेळ आणि बरोबरीचा सवंगडी.